परब मॅडमचा जावई

कॉलेजात नोकरीला लागलो त्याच्या तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात मला मधोमध ठेवलेलं एक उंच स्टूल दिसलं. स्टुलावर सोललेला नारळ. अलीकडे दहा पावलांवर एक यंत्र, पलीकडे दहा पावलांवर दुसरं. नव्या यंत्राची पूजा चालली असेल असं समजून मी चपला काढल्या आणि हात जोडून कडेकडेने जाऊ लागलो. तेवढ्यात खांबाआडून एक बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चपला घाला. आणि तो नारळ उचलून त्याच्या जागी जरा तुम्ही उभे राहा."

मी उभा राहिलो. पलीकडच्या यंत्रावरचा आकडा धाडकन खाली आला. बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला, यंत्राला नाक लागेल इतक्या जवळून तो आकडा वाचला, वहीत लिहिला आणि समाधानाने म्हणाल्या, "नारळापेक्षा तुम्ही पुष्कळ चांगले अडवता. नाव काय तुमचं?"

मी सावंत, पेडण्याचा, असं सांगितलं. त्या परब मॅडम, शालिनी परब. त्या दिवसापासून पुढची सहा वर्षं मी त्यांच्या सिग्नलच्या वाटेत उभा राहत होतो. माझ्या शरीरयष्टीचा विज्ञानाला काही उपयोग होईल असं माझ्या आईलासुद्धा कधी वाटलं नव्हतं.

मोबाइलच्या पुढच्या पिढीच्या लहरी हा मॅडमचा विषय. फाइव्ह-जी अजून आमच्या पेडण्याच्या घरात नीट पोचलेलं नव्हतं आणि मॅडम त्याच्या पुढचं शोधत होत्या. या नव्या लहरी एका दमात अफाट माहिती वाहून नेतात, पण भारी नाजूक असतात. भिंत आली की अडल्या, माणूस आला की अडल्या, ओलं पान आलं तरी निम्म्या झाल्या. मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत काच आणि काँक्रीट मोजून झालं होतं. मॅडमचा प्रश्न साधा होता: आमच्याकडे काच कुठे आहे, आमच्याकडे काजू आहे, त्याचं काय?

म्हणून व्हरांड्यात रोज नवा पाहुणा स्टुलावर बसायचा. कधी ओला टॉवेल, कधी सोलकढीने भरलेला डबा, कधी पत्रा. एकदा मुलांच्या उत्तरपत्रिकांचा भलाथोरला गठ्ठा ठेवला. लहरी त्यातून बिनदिक्कत आरपार गेल्या. मॅडमनी आकडा लिहिला आणि म्हणाल्या की अपेक्षितच होतं, त्यात अडवण्याजोगं काही नाहीच.

त्या मूळच्या डिचोलीजवळच्या सर्वण गावच्या. डिचोलीच्या बाजारातल्या एका सोनाराकडून त्यांनी जुना काटा मागून आणला होता आणि त्यावर त्या काजूची पानं तोलत. ताजं पान तोलायचं, वाळवायचं, पुन्हा तोलायचं. जे वजन घटलं ते पाणी. बारमाही छत्री हातात. ऊन असो, चांदणं असो, छत्री हवीच, कारण अंतराचा पहिला अंदाज त्या छत्रीने घेत आणि मगच टेप काढत. दुसऱ्याने वाचलेला आकडा त्या कधीही लिहून घेत नसत. मी यंत्रापाशी उभा राहून आकडा ओरडून सांगितला तरी त्या छत्री टेकत टेकत येत, स्वतः बघत आणि मगच लिहीत. सहा वर्षांत माझा आकडा एकदाही चुकला नाही आणि सहा वर्षांत त्यांनी तो एकदाही मानला नाही. मला त्याचा राग यायचा, हे खरंच सांगतो.

लाटंबार्से या डिचोलीकडच्या गावातलं काम निघालं ते त्या निवृत्त व्हायला दोन वर्षं उरली असताना. या नव्या लहरींची खेड्यात वर्षभर चाचणी घ्यायची होती. चार-पाच ठिकाणांचे प्रस्ताव होते, त्यांतलं एक निवडायला मे महिन्यात बाहेरून समिती यायची होती. मॅडमनी लाटंबार्से सुचवलं. आयुष्यभर काजू काजू करत आले, एकदा तरी तो सिग्नल काजूच्या बागेतून कोणाच्या घरात गेलेला बघायचाय, असं त्या म्हणाल्या. निवृत्तीच्या आधीची ही शेवटचीच संधी होती.

घर मिळालं पुंडलीकभाऊंचं. शाळेच्या छपरावर आमचं एक यंत्र आणि पुंडलीकभाऊंच्या अंगणात दुसरं, मध्ये त्यांचीच दोन पसरट काजूची झाडं. पुंडलीकभाऊ सत्तरीचे, सडपातळ, कमी बोलणारे. त्यांची बायको सुमतीवैनी दोघांच्या वाटणीचं बोलायची. त्यांची लेक मस्कतला नर्स. घरात फोन लागत नाही म्हणून रोज संध्याकाळी वैनी घरामागचा चढ चढून एका कातळावर जाऊन उभी राही आणि तिथून लेकीशी बोले. पावसात एका हातात छत्री, दुसऱ्यात फोन, आणि कातळ निसरडा. हे ऐकल्यावर मॅडमनी त्या कातळाकडे पाहिलं. मग, तुमच्या रांधपाघरात चुलीपाशी बसून बोलाल असं करूया, म्हणाल्या. वैनीला तो शब्द दिल्यासारखा वाटला, आणि मॅडमनी तो दिलेलाच होता.

पहिल्याच दिवशी पुंडलीकभाऊंनी विचारलं की हे यंत्र नक्की काय करतं. मॅडम सोप्यावर बसल्या, छत्री आडवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "जुनो सिग्नल म्हणजे घरचो गडी. पावसातून, चिखलातून, खंयसूनय येता. हो नवो म्हणजे जावय. येताना भरपूर घेवन येता, पण वाटेत पान आडवा आयला तरी रुसता."

पुंडलीकभाऊंनी मान डोलावली. इतकं चपखल समजावलं म्हणून परतीच्या वाटेवर मी मॅडमचं कौतुकही केलं.

ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमची खेप सुरू झाली. आदल्या दिवशी शाळेत फोन करून पुंडलीकभाऊंना निरोप द्यायचा, सकाळी दहाला पोचायचं, आकडे घ्यायचे. घर नेहमी लख्ख. शेणाने सारवलेलं अंगण, दोरीवर एक कपडा नाही, शेजाऱ्याचा टेंपो कधीच दारात नाही. वैनी उंडे, म्हणजे बेकरीतले गोल पाव, आणि सुक्या वाटाण्याची भाजी द्यायची, वर चहा. मी त्या शनिवारांची वाट बघायचो, त्यात लहरींचा वाटा थोडाच होता.

आणि आकडे चढत होते. नोव्हेंबरात ऑक्टोबरपेक्षा बरे, डिसेंबरात त्याहून, फेब्रुवारीत तर फारच. मॅडम हरखल्या. पावसाळा सरला की पानातलं पाणी हळूहळू कमी होतं आणि सिग्नल सुधारतो, असं त्यांनी मांडलं. आलेख इतका देखणा निघाला की मी तो विभागाच्या दारावर चिकटवला. एकच गोष्ट खटकत होती. सोनाराचा काटा वेगळं सांगत होता. पानातलं पाणी घटत होतं, पण इतकं नाही. मॅडम मधूनच विचारात पडायच्या, मग बाकीचा हिशेब कुठे गेला, असं म्हणायच्या. मी म्हणायचो की काटा जुना आहे. एरवी माझा आकडा न मानणाऱ्या मॅडमनी हे मात्र मानलं. माणसाला हवं ते ऐकू आलं की त्याची चौकशी करावीशी वाटत नाही, मग तो कितीही मोठा शास्त्रज्ञ असो.

एप्रिलात काजूचा हंगाम भरात होता. सगळ्या लाटंबार्शाला बोंडांचा वास. वैनीने भाजलेल्या बिया समोर ठेवल्या आणि त्या मूठभरच आहेत म्हणून ओशाळली.

"औंदा त्या दोन झाडांक काय नाय, बाई," ती म्हणाली. "तुमचो जावय येतलो म्हणान ह्यांनी दर म्हयन्याक फांद्यो मारल्यो."

माझ्या तोंडातली बी तशीच राहिली. मॅडम सावकाश उठल्या आणि छत्री टेकत झाडांपाशी गेल्या. पुंडलीकभाऊ मागोमाग. आतल्या अंगाच्या फांद्या, अंगणातून न दिसणाऱ्या, एकेक करून छाटलेल्या होत्या. प्रत्येक घावावर लाल माती नीट लिंपलेली. नीटनेटका माणूस. आमचा निरोप आला की पुंडलीकभाऊ आदल्या संध्याकाळी कोयता घेऊन निघत, वाटेतल्या एकदोन फांद्या उतरवत, वैनी दोरीवरच्या गोधड्या काढी, शेजाऱ्याला टेंपो हलवायला सांगत.

मॅडमनी विचारलं, मोहोर असलेल्या फांद्यासुद्धा? पुंडलीकभाऊंना तो प्रश्नच कळला नाही.

"जावय येतलो म्हटल्यार वाट साफ करूक नाका?" ते म्हणाले.

आम्ही सात महिने विज्ञान करत होतो आणि ते सात महिने पाहुणचार करत होते. आणि जावयाची गोष्ट त्यांना सांगितली होती कोणी?

परत येताना गाडीत मॅडम वहीची पानं मागे मागे उलटत होत्या. अस्नोडा आलं तेव्हा मीच तोंड उघडलं. समितीला पाच आठवडे राहिले होते. अहवाल तयार होता. मी म्हटलं, मॅडम, फांद्या काय, परत येतील. समिती परत येणार नाही. कोणाला सांगायची गरजच काय?

"सावंत," त्या म्हणाल्या, "या आकड्यांवर सिग्नलचा एकच खांब मंजूर होईल. पुंडलीकभाऊ फांद्या तोडायचे थांबले की तो खांब त्यांच्या घरात पोचायचा नाही. मग वैनी पुन्हा कातळावर. आणि तिथून तिला आपला आलेख दिसणार आहे का?"

सोमवारी दारावरचा आलेख मॅडमनी स्वतःच्या हाताने काढला. चिकटपट्टी माझी, त्यामुळे दाराचा रंगही निघाला. तो डाग अजून आहे.

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की मॅडम आता खचतील. दोनच दिवसांनी त्या मला पुन्हा लाटंबार्शाला घेऊन गेल्या, न कळवता. गाडीतून उतरून थेट घरामागे. तिथे पुंडलीकभाऊंच्या फांद्यांचे भारे रचलेले होते. प्रत्येक खेपेचा भारा वेगळा, वेगळ्या दोरीने बांधलेला, कारण आधी तोडलेलं लाकूड आधी वाळतं आणि आधी चुलीत जायला हवं. मॅडमनी प्रत्येक भारा कोणत्या महिन्याचा ते विचारलं. पुंडलीकभाऊंनी घटकाभर विचार करून घडाघडा सांगितलं. हा दत्तजयंतीच्या आधीचा, हा संक्रांतीच्या पुढचा, हा शिगम्याच्या आदल्या आठवड्यातला.

मॅडमचा चेहरा मी तसा पुन्हा पाहिला नाही. दारात हंगामाची पहिली कैरी पडलेली दिसल्यावर लहान पोराचा होतो तसा. जगात कोणाकडे नव्हतं ते त्यांच्यापुढे रचून ठेवलेलं होतं: एका झाडाच्या किती फांद्या उतरवल्या की सिग्नल किती वाढतो, याची महिनावार नोंद, दोरीने बांधून. आकडे चुकीचे नव्हते. आम्ही त्यांना प्रश्न चुकीचा विचारला होता.

मग दोन दिवस आम्ही लाकडं तोलली. भात तोलायचा काटा ओसरीच्या वाशाला टांगला, भारा मी उचलायचा, आकडा मी सांगायचा आणि मॅडमनी येऊन स्वतः बघायचा. फांद्यांची टोकं मोजली, एका टोकाला साधारण किती पानं ते झाडावर मोजलं. भारे पाचच निघाले. सहावा, नोव्हेंबरचा, वैनीने भात उकडताना जाळला होता. ती घाबरून बघत होती. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि अहवालात तळटीप लिहिली: नोव्हेंबरचा नमुना भात उकडण्यात खर्च झाला. समितीसमोर ती तशीच गेली.

उरलेल्या दिवसांत आम्ही कधीही, कसेही जाऊ लागलो. मंगळवारी दुपारी, रविवारी सकाळी. वहीत तारीख, वेळ, अंतर आणि हवा असे रकाने होते. मॅडमनी पट्टीने एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'मध्ये काय'. मग तिथे भरायला लागलो: ओल्या गोधड्या तीन. टेंपो. वाळत घातलेली कोकमं, पत्र्यावर. म्हैस, उभी. म्हैस, बसलेली. आकडे अर्थातच पडले. घर जसं रोज असतं तसं त्यात एका खांबाचा निभाव लागत नव्हता. बुटके दोन खांब लागणार होते, दोन बाजूंनी.

समिती आली. मी मागच्या रांगेत बसलो होतो. मॅडमनी आधी तो देखणा आलेख दाखवला, मग तो कसा झाला ते सांगितलं. जावई, कोयता, लाल माती, सगळं. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि विचारलं, "म्हणजे सात महिने तुम्ही पाहुण्यांसाठी आवरलेलं घर मोजलंत?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "इतर गावांतही बहुधा तेच मोजलं गेलं असेल. आम्हाला ते कळलं, एवढाच फरक."

इतर गावांचे प्रस्ताव घेऊन आलेल्या मंडळींनी एकदम पाण्याचे पेले उचलले. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, पण मॅडम हसल्या नाहीत. छत्री हाताशी धरून त्या ताठ उभ्या होत्या. त्या माणसाला काय पणाला लावून उभं राहावं लागलंय हे त्या सभागृहात मला एकट्यालाच ठाऊक होतं, आणि मी त्यांना गप्प राहायचा सल्ला दिला होता.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. लाटंबार्से, एक वर्ष, दोन खांब. अट एकच, मोजायला जाताना घरच्यांना आगाऊ कळवायचं नाही. मॅडमनी पत्र माझ्याकडून वाचून घेतलं नाही. स्वतः वाचलं, चष्मा कपाळावर ढकलून, जवळून, दोनदा. मग कॅन्टीनमध्ये जाऊन सगळ्या विभागाला चहा पाजला, आणि मला दोन उंडे.

खांब उभे राहिले. पुंडलीकभाऊंचा हात मात्र सहजासहजी वळेना. आमची गाडी दिसली की ते सवयीने गोधडी ओढायला धावायचे, आणि मॅडम लांबूनच छत्री हलवून त्यांना खाली बसवायच्या. वैनी आता रांधपाघरात जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, कट्ट्यावर फोन टेकवून लेकीशी बोलते. तिची नवी तक्रार अशी की मस्कतहून लेकीला चुलीवरचं सगळं दिसतं आणि ती तिखट कमी घाल म्हणून सांगते.

मॅडमना कामावर शेवटचं पाहिलं ते चाचणीचं वर्ष संपताना, त्यांच्या निवृत्तीला आठवडा राहिला असताना. मे महिन्याची दुपार. मी गाडी वळवून लावेपर्यंत त्या पुढे गेल्या होत्या. दोन्ही खांब बघून अर्ध्या तासाने मी अंगणात आलो तर मॅडम खुर्चीत झोपलेल्या. चष्मा कपाळावर, छत्री मांडीवर, तोंड किंचित उघडं. त्यांच्या डोक्यावर काजूची फांदी आली होती, छाटलेल्या घावाशेजारून फुटलेली, एका पावसाळ्याची, बोंडांनी लगडलेली. समोरच्या दोरीवर दोन गोधड्या पाणी गाळत होत्या आणि ते पाणी टपटप मॅडमच्या पायांवर पडत होतं. पुंडलीकभाऊ सोप्यावरून अर्धे उठलेले, हात गोधडीकडे, डोळे माझ्याकडे.

"काडूं?" त्यांनी हळूच विचारलं.

"राहूं दे, भाऊ," मी म्हटलं. "आसा तसा आसूं दे."

खुर्चीमागचं यंत्र चालू होतं. मॅडमना उठवावं असं एकदा मनात आलं. त्यांच्याशिवाय आकडा लिहायचा नाही हा सहा वर्षांचा नियम. पण त्या इतक्या गाढ आणि इतक्या निवांत झोपल्या होत्या की मला ते जमलं नाही. मी चपला काढल्या, यंत्रापाशी गेलो, नाक लागेल इतक्या जवळून आकडा वाचला. मग पुन्हा वाचला. सिग्नल येत होता, चांगला येत होता. आतून वैनी लेकीशी बोलत असल्याचा आवाज येत होता.

मॅडमच्या हातातली वही अलगद काढून घेतली. तारीख लिहिली, वेळ लिहिली, अंतर, हवा, आकडा. शेवटच्या रकान्यापाशी जरा थांबलो आणि मग जे समोर होतं ते लिहिलं.

मध्ये काय: काजूची एक फांदी, दोन ओल्या गोधड्या, परब मॅडम.